आकृती बरोबर, निरीक्षण नाही

आमच्या मराठी विभागाच्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या दोन प्रती आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा यांच्यामध्ये प्राणिशास्त्राचे एक जर्नल ठेवलेले आहे. विभागात नव्याने येणाऱ्यांना त्याचे नवल वाटते. कुणी चुकून आणून ठेवले असावे, अशी त्यांची समजूत होते आणि आम्हीही ती फारशी दुरुस्त करीत नाही. परंतु साहित्याच्या अध्यापनाविषयी आम्हांला जे थोडेफार उमगले आहे, त्याचा आरंभ त्या जर्नलच्या एका पानावर झाला, हे आता लिहून ठेवावे असे वाटते.

हा मजकूर आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्याआधी, म्हणजे १९९८ ते २००० या दोन वर्षांत, आम्ही नगरला (आताच्या अहिल्यानगरला) विज्ञान शाखेचे विद्यार्थी होतो. प्रयोगशाळेत दोघांना मिळून एक ट्रे मिळत असे. ट्रेच्या तळाशी काळ्या मेणाचा थर, त्यावर पाणी आणि पाण्यात टाचण्यांनी ताणून बसवलेला प्राणी. आमच्यापैकी एकाचा हात स्थिर होता म्हणून सुई त्याच्याकडे. दुसऱ्याची रेघ चांगली होती म्हणून पेन्सिल त्याच्याकडे. या वाटणीतच आमचा पुढचा दोष दडलेला होता. ज्याने पाहायचे त्याने काढायचे नाही आणि ज्याने काढायचे त्याने पाहायचे नाही, अशी ती वाटणी होती.

दुसऱ्या वर्षाला मृदुकाय प्राण्यांचा अभ्यास होता आणि त्यांच्या वतीने आमच्यापुढे आली ती गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय, पायला. सगळ्या जर्नलांत तिचे नाव ‘पायला ग्लोबोझा’ असे लिहिलेले असे, कारण पाठ्यपुस्तकात तेच होते. दक्षिण भारतात पायला व्हायरेन्स नावाची तिची दुसरी जातही आढळते, ट्रेमधली आपली गोगलगाय यांपैकी नेमकी कोणती, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. नाव छापलेले होते, ते आम्ही उतरवले.

आमचे सर मात्र निराळ्या वळणाचे होते. ‘जो प्राणी कापायचा तो राहतो कुठे, ते आधी पाहून घ्या,’ असे म्हणून त्यांनी १९९९ च्या पावसाळ्याअखेर आम्हां वीसेक मुलांना एस. टी. ने राळेगणसिद्धीला नेले. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्याला उतरून पुढची वाट आम्ही चालत गेलो. त्या काळात राळेगणला बसगाड्या भरभरून माणसे येत. पारनेर तालुक्यातले हे अवर्षणग्रस्त गाव. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून परत आले, यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून कामाला आरंभ झाला आणि पुढे श्रमदानातून चर, नालाबांध, पाझर तलाव अशी पाणलोटाची कामे उभी राहिली, हा इतिहास ऐकायला ही माणसे येत. आम्ही तो ऐकला, वहीत टिपला आणि मग पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून एका तलावाच्या काठाशी गोगलगायी गोळा करायला उतरलो.

तिथे सरांनी एक गोष्ट सांगितली. आमच्यापैकी कुणीतरी म्हणाले, ‘सर, एवढा तलाव, पण पाणी फार नाही.’ सर म्हणाले, ‘हा पाझर तलाव आहे. पाणी साठवून ठेवणं हे त्याचं काम नाही, ते जमिनीत सोडणं हे त्याचं काम. तलाव चांगला आहे की वाईट, हे तलावाकडे पाहून कळत नाही. खालच्या अंगाच्या विहिरी पाहा.’ आम्ही मान डोलावली. विहिरी पाहायला गेलो नाही. परतीची बस चुकली असती.

गोगलगायी ओल्या पोत्यातून प्रयोगशाळेत आल्या. आमच्या लॅबच्या मामांनी त्या गरम पाण्यात सोडल्या. अशा मृत्यूत प्राण्याचा पाय शंखाबाहेर पसरलेला राहतो आणि कापायला सोपे जाते, असे त्यांनी सांगितले. हे वाक्य आम्ही त्या वेळी सहज ऐकून घेतले, ही गोष्ट आज आम्हांला सहज वाटत नाही.

शंख फोडून बाजूला केला की आत जे निघते ते प्रथमदर्शनी निव्वळ एक मऊ गोळा असतो. ‘मृदुकाय’ हा शब्द आम्हांला पुढे मराठी विश्वकोशात भेटला. तेव्हा प्रयोगशाळेत सगळी भाषा इंग्रजी होती. त्या गोळ्यावर एक पातळ आवरण असते, त्याला मराठीत प्रावार म्हणतात. प्रावार म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. शंख हा याच वस्त्राने स्रवून तयार केलेला. प्रावाराखालच्या पोकळीत उजवीकडे पाण्यात श्वास घेण्यासाठी क्लोम आणि डावीकडे हवेत श्वास घेण्यासाठी फुप्फुसासारखी पिशवी. एकाच देहात दोन्ही सोयी. तोंडाच्या आत बारीक दातांच्या ओळी असलेली किसणीसारखी पट्टी, तिला रॅड्यूला म्हणतात. तिच्या प्रत्येक ओळीत सात दात. पायाच्या मागच्या भागावर एक कठीण झाकण, प्रच्छद. गोगलगाय अंग आत ओढून घेते तेव्हा हे झाकण शंखाच्या तोंडावर दारासारखे बसते.

पण परीक्षेत विचारला जाई तो चेतासंस्थेचा प्रयोग. गोगलगायीची वाढ होत असताना, अगदी आरंभीच्या अवस्थेत, तिच्या देहाचा वरचा भाग डोके आणि पाय यांच्या संदर्भात १८० अंशांनी फिरतो. जे मागे असायचे ते पुढे येते. गुदद्वार डोक्याजवळ येते. या पिळामुळे पूर्वी समांतर असलेल्या दोन चेतारज्जू एकमेकींना ओलांडून जातात आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा एक फास तयार होतो. पायलामध्ये या फासाची एक रज्जू आतड्याच्या वरून जाते. ती इतकी बारीक असते की भोवतालच्या पांढुरक्या ऊतींमधून ती सुईने सोडवावी लागते, कापून नव्हे. देहाला एकदा पडलेला पीळ त्या एका धाग्यात आयुष्यभर दिसत राहतो. तो दिसावा म्हणूनच हा प्रयोग होता.

आम्ही तो धागा तोडला. केव्हा तोडला हेही आम्हांला कळले नाही. साफसफाई करता करता चिमट्याबरोबर तो निघून गेला असावा. तोवर जर्नलात मात्र आकृती पूर्ण झाली होती. पेन्सिल ज्याच्या हातात होती त्याने आदल्या रात्रीच वरच्या वर्गातल्या एकाच्या जर्नलावरून ती उतरवली होती; गुच्छिका, रज्जू, नावे, बाण, सगळे जागच्या जागी. वर्गात इतकी देखणी आकृती दुसऱ्या कुणाची नव्हती.

सर आमच्या टेबलाशी आले. त्यांनी जर्नल पाहिले, मग ट्रे पाहिला, मग पुन्हा जर्नल. ‘आकृती उत्तम आहे,’ ते म्हणाले, ‘आता ही मला ट्रेमध्ये दाखवा.’

आम्ही सुईचे टोक इकडेतिकडे फिरवले. सर थांबून राहिले. ते रागावले असते तर बरे झाले असते. शेवटी त्यांनी लाल शाईने आकृतीखाली लिहिले, ‘आकृती बरोबर, निरीक्षण नाही’, आणि सही केली. जाता जाता इतकेच म्हणाले, ‘मेलेल्या जिवाकडे निदान पाहायचं तरी होतं.’

त्या वर्षी आम्ही दोघेही नापास झालो. त्याचा या प्रसंगाशी थेट संबंध नाही. रसायनशास्त्रात आमची गती मुळातच बेताची होती. घरी बोलणी बसली, विज्ञान सुटले, आम्ही कला शाखेत आलो आणि मराठी घेतले. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. इथे काही मारावे लागत नव्हते. उलट आमच्या नव्या जगात ‘विच्छेदन’ हा शब्द शिवीसारखाच वापरला जात होता. कवितेचे विच्छेदन करू नये, फूल पाकळ्या उपटून समजत नाही, समीक्षकाचा सुरा आणि कवीचे हृदय, अशी भाषणे आम्ही ऐकली आणि पुढे आम्हीही केली. प्रयोगशाळेतला अनुभव असल्यामुळे आमच्या तोंडी ती अधिकच अधिकारवाणीने येत.

समीक्षेचा इतिहास शिकवताना मात्र एक नाव अडचणीचे होते. ज्या अॅरिस्टॉटलपासून आपण पाश्चात्त्य काव्यशास्त्राचा पहिला तास सुरू करतो, त्याने समुद्रातल्या मृदुकाय प्राण्यांचे, माकुल आणि अष्टपाद यांचे, बारकाईने निरीक्षण करून ठेवले आहे. आतल्या अवयवांचे वर्णन केले आहे. विच्छेदनांवर आकृत्यांसह त्याचा स्वतंत्र ग्रंथ होता, त्याचे उल्लेख त्यानेच केले आहेत. तो ग्रंथ मात्र काळाच्या ओघात गेला. आणि काव्यशास्त्रात कथानकाविषयी बोलताना हाच माणूस सजीव प्राण्याची उपमा देतो: प्राण्याला जसा अवयवांचा क्रम आणि एका दृष्टिक्षेपात मावेल असा आकार असतो, तसा कथानकालाही असावा. हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. ही उपमा केवळ शोभेची नसून तिच्यामागे प्राणी उघडून पाहिलेला हात आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही. आपल्या समीक्षेतली ‘सेंद्रिय एकात्मता’ ही संज्ञाही याच घराण्यातली. तीही आम्ही शिकवली.

शिकवायला लागून पंधरा वर्षे झाल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गात अभ्यासक्रमातली एक कविता चालली होती. आम्ही नेहमीप्रमाणे सांगितले, की या कवितेत आशय आणि अभिव्यक्ती यांची सेंद्रिय एकात्मता साधलेली आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, ती कुठे दिसते?’ तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरोखरच दिसत नव्हती. आम्ही पुस्तक हातात घेतले, पहिल्या ओळीपासून वाचत गेलो आणि वाचता वाचता ध्यानात आले, की ती कुठे दिसते हे आम्हांला दाखवता येत नाही. आमच्या टिपणात ती होती. आमच्या टिपणात ती आमच्या शिक्षकांच्या टिपणातून आली होती. ‘उद्या सविस्तर पाहू,’ असे म्हणून आम्ही तास संपवला.

आमच्यापैकी एकावर आलेला हा प्रसंग त्याने विभागात येऊन दुसऱ्याला सांगितला. दुसऱ्याने काही न बोलता घरून ते जर्नल आणले आणि टेबलावर ठेवले. त्या दिवसापासून ते कपाटात आहे.

मग आम्ही उत्तरपत्रिका निराळ्या नजरेने पाहू लागलो. रसग्रहणाच्या चाळीस उत्तरांत ‘ओघवती भाषा’, ‘समर्पक प्रतिमा’ आणि ‘अंतर्मुख करणारा शेवट’ हे सगळे जागच्या जागी होते, आमच्या आकृतीतल्या बाणांसारखे. कविता मात्र ट्रेमधून केव्हाच निघून गेली होती. विद्यार्थ्यांना दोष देण्याची सोय नव्हती, कारण वरच्या वर्गातले ते जर्नल आम्हीच होतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी घेतलाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये महाविद्यालयांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची दिशा दिली आणि २०१४ मध्ये ते बंद करण्यास सांगितले. आता तक्ते, प्रतिकृती आणि पडद्यावरची चित्रे यांवर काम चालते. ‘मुलांना आता प्रत्यक्ष काही दिसतच नाही, सगळे उसने,’ अशी त्यांची खंत आहे. आम्हांला ती पूर्ण पटत नाही. आमच्या हातात खरी गोगलगाय होती, खरी सुई होती, तिच्यासाठी एक जीव गेला होता आणि तरीही आम्ही उसनेच काढले. सुरी काढून घेतल्याने जीव वाचले, हे चांगलेच झाले. पाहण्याचा आळस मात्र सुरी असतानाही होता. कवितेचेही तसेच असावे. विश्लेषणाने कविता मरते हे आमचे जुने भाषण आम्ही आता करीत नाही. आमच्या वर्गात ज्या कविता मेल्या, त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

मध्यंतरी मार्च महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही पुन्हा राळेगणला गेलो. गावात संत निळोबाराय विद्यालय आहे. निळोबांचे पिंपळनेर तिथून जवळच. इतर शाळांनी नाकारलेल्या, नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश देणारी शाळा म्हणून ते विद्यालय ओळखले गेले. मुलांना हे सांगताना आमच्यापैकी एकाचा आवाज किंचित हलला. कारण मुलांना ठाऊक नव्हते.

नंतर आम्ही तलावाकडे गेलो. ज्या काठाशी आम्ही पँटी दुमडून उतरलो होतो तिथे पाणी नव्हते. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. विद्यार्थी म्हणाले, ‘सर, तलाव तर आटलाय.’ या वेळी आम्ही त्यांना खालच्या अंगाला नेले. विहिरीच्या कठड्याशी वाकून त्यांनी पाहिले. खाली पाणी होते. कुणीतरी खडा टाकला, त्याचा आवाज वर आला. जे ऐकून आम्ही चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी नुसती मान डोलावली होती, ते आम्हीही तेव्हा प्रथमच पाहिले.

परतताना एका मुलाला भेगेत अडकलेला शंख सापडला. तोंड घट्ट बंद. ‘मेलेली आहे,’ तो म्हणाला. आम्ही लगेच सांगू लागलो: उन्हाळ्यात हा प्राणी चिखलात स्वतःला गाडून घेतो, प्रच्छद मिटतो, क्लोम निरुपयोगी होतात, फुप्फुस-पिशवी... शेजारच्या शेतात खुरपत असलेल्या एक आजी हे ऐकत होत्या. त्या उठून आल्या, शंख हातात घेऊन त्यांनी तोलून पाहिला आणि म्हणाल्या, ‘आरं, मेली असती तर हालकी लागली असती. दार लावून बसलीय ती. पानी दाखवा, उघडल.’

आम्ही जे सांगत होतो ते चुकीचे नव्हते. पण शंखाचे वजन आमच्यापैकी कुणीही केले नव्हते.

आजींच्याच बादलीत थोडे पाणी घेऊन गोगलगाय त्यात ठेवली. मुले थोडा वेळ थांबली, कंटाळली, बांधावर जाऊन बसली. आम्ही दोघे बादलीपाशी राहिलो. बराच वेळ काहीही झाले नाही. मग झाकणाच्या कडेशी एक बारीक फट दिसली. ती दिसली की भास झाला, यावरून आमचे दोघांचे एकमत होईना. पुन्हा बराच वेळ गेला. झाकण हळूच मागे सरले, करड्या रंगाचा पाय बाहेर आला, त्यामागून लांब, सुताएवढ्या बारीक होत गेलेल्या मिशा. आणि मग डाव्या बाजूने त्वचेचीच गुंडाळी होऊन एक नळी तयार झाली, ती पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वर आली आणि गोगलगाय हवा घेऊ लागली. डोके आत-बाहेर असे किंचित हलत होते, श्वासाच्या लयीत.

ही नळी आम्ही जर्नलात काढलेली आहे. तिला नाव दिलेले आहे, बाणही आहे. ती प्रत्यक्षात काय करते ते आम्ही त्या दिवशी पाहिले. मुलांना हाक मारायचे आम्हांला सुचले नाही, याची नंतर खंत वाटली. आजी म्हणाल्या, ‘झालं का बघून? आता ठेवा तिला जागेवर, पानी आटायच्या आत तिला परत निजायचंय.’ जिथे अजून ओल होती तिथे आम्ही ती ठेवून आलो.

तेव्हापासून वर्गात आम्ही एक लहानसा बदल केला आहे. कुठल्याही कवितेच्या पहिल्या तासाला कवीचे नाव, कालखंड, प्रवाह यांपैकी काहीच सांगत नाही. विद्यार्थ्याने कवितेत जे दिसते तेवढेच लिहायचे. संज्ञा वापरायची नाही. पहिल्या वर्षी बहुतेक पाने कोरी आली. एका मुलीने मात्र एकच वाक्य लिहिले होते: ‘तिसऱ्या कडव्यात एकही क्रियापद नाही.’ आम्ही कविता काढून पाहिली. खरोखरच नव्हते. ती कविता आम्ही पंधरा वर्षे शिकवीत होतो. तिसऱ्या कडव्यात काहीच का घडत नाही आणि तिथे पोहोचल्यावर वाचणाऱ्याचा श्वास का अडतो, हे त्या तासाला आम्ही सगळे मिळून शोधत बसलो. ‘एकात्मता’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण तो आला असता तर कुठे बोट ठेवायचे, हे आम्हांला ठाऊक होते.

जर्नलच्या शेवटी काही पाने कोरी उरली होती. राळेगणहून आल्यावर त्यांतल्या एकावर आम्ही दिनांक घालून जे पाहिले ते मराठीत लिहून ठेवले. या वेळी पेन्सिल आणि डोळे यांची वाटणी केली नाही. दोघांनीही आकृती काढून पाहिली. कुणाचीच नीट जमली नाही. खोडलेली नाही, तशीच ठेवली आहे.